पर्यावरण सल्लागार कंपनीत नकाशांसाठी माणूस घ्यायचाय, कुठल्या शिक्षणाचा घ्यावा?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. ठाण्यात आमची छोटी पर्यावरण सल्लागार कंपनी आहे. ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचे) अहवाल, सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकाम-नियमांची) प्रकरणं, थोडंफार वनजमिनीचं काम. आजवर नकाशे बाहेरून करून घेत होतो, आता जीआयएसला, म्हणजे संगणकावर नकाशे करायला, कंपनीचीच माणसं ठेवायची आहेत. जागा दोन. अर्जांत तीन प्रकार दिसतात: एमएस्सी जिओइन्फर्मेटिक्स केलेली ताजी मुलं, सिव्हिल डिप्लोमा करून मोजणीत बरीच वर्षं काढलेला एक जण, आणि वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करून मग आयआयआरएसचा (इस्रोच्या देहरादूनच्या दूरसंवेदन संस्थेचा) कोर्स केलेली एक मुलगी. भागीदार म्हणतो, जिओइन्फर्मेटिक्सवाले दोन घेऊन मोकळे होऊ, त्यांना सॉफ्टवेअर येतं. मला पटत नाहीये, पण का ते नीट सांगताही येत नाहीये. या क्षेत्रातल्यांनी सुचवा.

रेखांश७८
सॉफ्टवेअर हा निकषच धरू नका. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, इस्रोचं भुवन पोर्टल आहे, सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटरच्या प्रतिमा दर पाच दिवसांनी फुकट मिळतात. बटणं कुणीही शिकतो. माणूस निर्देशांकांबाबत किती काटेकोर आहे ते बघा. मुलाखतीत एकच विचारा: समृद्धीसारख्या नागपूर ते मुंबई रस्त्याला कुठला यूटीएम झोन (निर्देशांकांसाठी पाडलेला सहा-सहा अंश रेखांशांचा पट्टा) घेशील? ७८ अंश रेखांश अमरावती जिल्ह्यात त्या रस्त्याला आडवा येतो. पश्चिमेला झोन ४३, पूर्वेला ४४. 'आपोआप येईल तो' असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या. तसंच जुन्या टोपोशीटचं. सर्वेक्षण खात्याची ती शीट एव्हरेस्ट या पृथ्वीच्या जुन्या गणिती आकारावर, जीपीएस नव्या डब्ल्यूजीएस-८४ वर. रूपांतर न करता एकावर एक ठेवली की हद्द शंभरेक मीटर सरकते. खाडीकाठी शंभर मीटर म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

सडेकरीण
मी वनस्पतिशास्त्रातूनच इकडे आलेय, त्यामुळे माझं माप थोडं झुकतं असणार.

रत्नागिरी-राजापूरकडचे जमीन-वापराचे नकाशे काढून बघा. सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, बहुतेक वेळा 'पडीक' नाहीतर 'खडकाळ' असा रंग फासलेला असतो. पावसाळ्यात ढगांमुळे धड प्रतिमा मिळत नाही, म्हणून आपण डिसेंबर-जानेवारीची घेतो. तेव्हा तिथे जांभा आणि वाळकं गवत, दुसरं दिसणार काय? आणि त्याच कातळावर श्रावणात सीतेची आसवं फुललेली असतात, डबक्यांत वेगळाच संसार चालू असतो. एकदा तक्त्यात 'पडीक' छापलं की जैवविविधतेचं प्रकरण लिहिणाराही तिकडे फिरकत नाही.

उलटा घोळ काजूचा. एप्रिलात साग निष्पर्ण, काजू-आंब्याच्या बागा मात्र हिरव्या. एफसीसी प्रतिमेत (तिच्यात हिरवी झाडं लाल दिसतात) त्या लालभडक उठतात आणि नवखा माणूस बिनधास्त 'सदाहरित वन' ठोकून देतो. प्रतिमा मोठी करून झाडं ओळीत आहेत का बघणारा, तरी शंका राहिली तर गाडी काढून जागेवर जाणारा माणूस हवा. हे पदवीने येतंच असं नाही, पण झाडं ओळखणाऱ्याला निदान शंका तरी येते.

ती मुलगी घ्या. कोर्स देहरादूनला राहून केलाय की आयआयआरएसचा छोटा ऑनलाइनवाला, एवढं मात्र विचारा. दोन्हींत बराच फरक आहे.

टिपणफाळणी
सडेकरीणताईंना अनुमोदन, पण मोजणीवाल्याला विसरू नका हो. आपल्याकडे प्रकल्पाची हद्द शेवटी गटावर येते. गटबुकाची (गटांच्या मोजणी-नकाशांची) झेरॉक्सची झेरॉक्स, तिला सुरकुत्या, कोपरा फाटलेला. ती जागेवर बसवायची तर बांध, विहीर, तिवढ्याचा (तीन हद्दी मिळतात तिथला) दगड, काय धरायचं ते कळायला लागतं. सातबारावर लागवडीयोग्य क्षेत्र वेगळं आणि पोटखराबा वेगळा, नकाशातलं क्षेत्र दोन्हींच्या बेरजेशी ताडायचं. एका प्रकल्पात (नाव नको) पोरानं पोटखराबा सोडून नुसता वरचा आकडा धरला, क्षेत्र जास्त येतंय म्हणून हद्दच आत ओढून जुळवली! तीच केएमएल (हद्दीची फाईल) परिवेश या मंजुऱ्यांच्या सरकारी पोर्टलवर चढली. वनपाल जीपीएस घेऊन जागेवर आले तेव्हा बोंब झाली.

गंमत्या
अवांतर: जॅक डेंजरमंडने १९६९ साली कॅलिफोर्नियातल्या रेडलँड्समध्ये एस्री (आर्कजीआयएस सॉफ्टवेअरवाली कंपनी) काढली, ती मुळात जमीन-वापराचा सल्ला देणारी कंपनी म्हणूनच. आणि गृहस्थ शिकलेला काय, तर लँडस्केप आर्किटेक्चर. भागीदारांना सांगा, आर्कजीआयएसच्या मालकाकडेही जिओइन्फर्मेटिक्सची पदवी नाही.

खाडीकाठ
@गंमत्या, हे उद्याच ऐकवतो त्याला.
बाकी सगळ्यांचे आभार. म्हणजे जिओइन्फर्मेटिक्सवाली मुलं बादच? आणि सीआरझेडची भरतीरेषा (जिथून किनाऱ्याचे नियम मोजतात ती) आखणं या दोघांना जमेल का?

रेखांश७८
बाद का? सिम्बायोसिसच्या किंवा आयआयटी मुंबईच्या सीएसआरई केंद्रातून आलेल्या मुलाकडून पायथनमधलं प्रोग्रामिंग, उपग्रह-प्रतिमांसाठीचं गूगलचं अर्थ इंजिन वगैरे जे मिळेल ते या दोघांकडून मिळणार नाही. पण तुमचं काम अजून त्या आकाराचं दिसत नाही. दहा वर्षांचे जमीन-वापर बदल मागणारा ग्राहक आला की तिसरा घ्या.

भरतीरेषा तुमच्यापैकी कुणीच आखायची नाही. ते काम मंत्रालयाने अधिकृत केलेल्या संस्थांचं, चेन्नईची एनसीएससीएम (किनारा व्यवस्थापनाची केंद्रीय संस्था) वगैरे. स्थानिक नकाशा १:४,००० चा लागतो, तोही त्यांच्याकडूनच. तुमच्या माणसाने त्यांना हद्द बिनचूक दिली आणि आलेला नकाशा वाचता आला की झालं.

सडेकरीण
अजून एक, कागदावरचं. क्यूसीआय-नॅबेट ही संस्था ईआयए सल्लागारांना जी मान्यता देते, तिच्यात 'जमीन वापर' हे स्वतंत्र कार्यक्षेत्र आहे आणि त्याचा तज्ज्ञ नावानिशी मंजूर असावा लागतो. नवीन माणसाला ते लगेच मिळत नाही, आधी अनुभव दाखवावा लागतो. सध्या तुमच्याकडे त्या जागी कोण आहे ते तपासा. बाहेरचा असेल तर त्याला एवढ्यात सोडू नका, ही मुलगी त्याच्या हाताखाली तयार होऊ दे.

खाडीकाठ
बाहेरचेच आहेत, निवृत्त प्राध्यापक. बरं झालं सांगितलंत, त्यांचा करार या महिन्यात संपतोय.

टिपणफाळणी
मग आधी त्यांना फोन करा. आणि मोजणीवाल्याला मुलाखतीला बोलवाल तेव्हा लॅपटॉपबरोबर एखादं जुनं गटबुकाचं पान आणि त्याचा सातबारा पुढे ठेवा. पहिल्यांदा हात कशाकडे जातो ते बघा.