झिम्बाब्वेच्या राजधानीत, हरारेत, आतड्याचा कॅन्सर वाढतोय. दोष ताटाचा की उशिराचा?

खडूस_काका: हरारेच्या कॅन्सर नोंदणीत १९९१ ते २०१० दरम्यान कृष्णवर्णीयांमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर वाढत गेलेला दिसतो. विषय निघाला की सगळे लगेच बर्गर-कोकवर घसरतात. माझं म्हणणं, ताटावरची प्रवचनं पुरेत. माणसं दगावतात ती उशिरामुळे. शौचातून रक्त गेलं तर मूळव्याध नाहीतर आमांश समजून महिने काढायचे, कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघणं) खिशाला परवडत नाही, सर्जनकडे पोचेस्तोवर रोग यकृतात. आधी हे सुधारा.

सुगरण: साफ असहमत! युगांडात काम केलेल्या डॉ. बर्किटनी १९७१ मध्येच लिहिलं होतं की भरपूर चोथा खाणाऱ्यांना हा रोग क्वचित होतो. २०१५ चा प्रयोग तर बघा. दक्षिण आफ्रिकेतले २० खेडूत आणि २० आफ्रिकी-अमेरिकन यांनी दोन आठवडे एकमेकांचा आहार घेतला. अमेरिकनांच्या आतड्यातली सूज कमी झाली, खेडुतांची वाढली.

खडूस_काका: ताई, सूज वाढली, कॅन्सर झाला नाही. तो व्हायला वर्षं लागतात. आणि बर्किटना दिसले ते इस्पितळापर्यंत आलेले रोगी. जे घरीच दगावले, त्यांचं काय?

पाणवठा: तुम्ही दोघं ताट आणि दवाखाना यातच अडकलात. हरारेतल्याच अभ्यासात रोग्यांमध्ये मधुमेह आणि पूर्वी होऊन गेलेला बिलहार्झिया (नदी-तळ्याच्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या कृमीचा रोग) जास्त आढळला. त्या कृमीची अंडी आतड्याच्या भिंतीत रुतून बसतात. कारण सिद्ध झालं असं मी म्हणत नाही, पण नदीत पोहलेल्या पोराला ओट्स खाऊ घालून काय होणार?

सुगरण: मधुमेह कुठून आला हो मग? शहरात बसून खाल्ल्यानेच ना! बिलहार्झिया तर खेड्यातही आहे. बरं काका, तुमचा उपाय काय? पन्नाशीनंतर सगळ्यांच्या शौचात छुपं रक्त आहे का याची तपासणी?

खडूस_काका: मुळीच नाही. हुकवर्मच्या (आतड्यात रक्त पिणाऱ्या कृमीच्या) मुलखात त्या चाचणीत कृमींमुळे गेलेलं रक्तही दिसणार, आणि पुढच्या कोलोनोस्कोप्या करायच्या कुणी? शिवाय तिकडे चाळिशीच्या आतले रोगीही बरेच असतात, ते तुमच्या पन्नाशीच्या चाळणीत सापडायचेच नाहीत. रक्त जातंय म्हणून जो स्वतःहून आला, त्याला गोळ्या देऊन परत पाठवू नका. बोट घालून गुदाशय तपासा. त्याला लागतो फक्त हातमोजा.

सुगरण: ते करायलाच हवं, मान्य. पण रोगी येतच राहणार त्याचं काय, हे तुम्ही अजून सांगितलं नाहीत.