घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड : मुलाचे न बोलणे कशाचे लक्षण मानावे?

प्रश्न (खानापूर तालुका) : माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा असून जेमतेम दहा-बारा शब्द बोलतो आणि हाक मारल्यावर क्वचितच वळून पाहतो. सासूबाईंच्या मते त्याचे वडीलही चौथ्या वर्षीच बोलू लागले. शेजारी मोबाइलला दोष देतात, आणि माझ्या नोकरीला तर सगळेच. एका डॉक्टरांनी दोन भाषांमुळे गोंधळ झाला असेल असे सांगून परत पाठवले. हे घरच्या परिस्थितीमुळे आहे की स्वमग्नता (ऑटिझम)?

उत्तर १ (वाक्‌उपचारतज्ज्ञ, बेळगाव) : ताई, दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता होत नाही. शब्द मोजताना मात्र मराठी ‘पाणी’ आणि कन्नड ‘नीरु’ दोन्ही मोजावेत; एकाच भाषेत तपासल्यास अशा मुलाचा शब्दसाठा उगाच तोकडा दिसतो. परंतु ‘ये’ म्हटले काय किंवा कन्नडमध्ये ‘बा’ म्हटले काय, तो वळतच नसेल, तर त्याचे कारण भाषेत शोधू नये. अंगणवाडीत बुजणारे मूलही घरी आजीचा पदर ओढून गोठ्यातले वासरू बोटाने दाखवते. तो असे काही दाखवतो का? सर्वांत आधी बेरा ही कानाची चाचणी करून श्रवणदोष नाही ना, हे पाहून घ्यावे.

उत्तर २ (बालरोगतज्ज्ञ, निपाणी) : स्वमग्नतेचे निदान रक्ततपासणीतून होत नाही, ते मुलाच्या वर्तनावरून आणि घरच्यांच्या सांगण्यावरून होते, त्यामुळे कोण सांगते याला फार महत्त्व येते. सासू-सासऱ्यांसमोर सून पुष्कळदा गप्प राहते, आणि मागण्याआधीच वाटी पुढे करणाऱ्या आजीला नातवाचे न मागणे जाणवत नाही. म्हणून दिवसभर सांभाळणाऱ्या आजींनाही सोबत न्यावे, आपल्याशी डॉक्टरांनी वेगळे बोलावे, आणि घरातले व अंगणवाडीतले छोटे व्हिडिओ दाखवावेत. आईच्या थंडपणामुळे स्वमग्नता होते हा विसाव्या शतकातला समज कधीच मोडीत निघाला आहे. आपल्या नोकरीचा विषय तिथेच सोडावा. मोबाइल कमी करणे चांगलेच, पण तो कमी करून पाहण्यात तपासणीचे सहा महिने घालवू नयेत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची विकासविषयक तपासणी विनामूल्य होते; अंगणवाडीत चौकशी करावी.

उत्तर ३ (शिक्षिका, चिकोडी) : घरात निदानाच्या कागदाची भीती असते, हेही लक्षात घ्यावे. ‘शिक्का बसला तर त्याच्या बहिणीचे लग्न कसे जमणार’ हा प्रश्न मी पालकसभेत ऐकला आहे, आणि तो विचारणारे लोक निर्दय नव्हते.

मूळ प्रश्नकर्ती : तो बोट दाखवत नाही, माझा हात धरून फडताळापर्यंत नेतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेच नव्हते, कारण कुणी विचारले नाही. सोमवारी कानाची तपासणी आहे, सासूबाई सोबत येत आहेत.