हेलिकॉप्टरं वस्तीतल्या मैदानांवर उतरू द्यावीत का?

जुळे सोलापूरकर
निवडणूक लागली की सोलापूरच्या डोक्यावर घरघर सुरू. सकाळी मंगळवेढा, दुपारी अक्कलकोट आणि मधल्या मधे आमच्या शेजारच्या कॉलेजचं मैदान. आदल्या दिवशी चुन्याचं वर्तुळ, सकाळपासून टँकरनं पाणी. तरी उतरताना धुरळा उडायचा तो उडतोच. पत्रे थरथरतात, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांत माती. होटगी रोडला विमानतळ असताना वस्तीत उतरायला परवानगी कशाला? रुग्ण, पूर, आग सोडून बाकी सगळं बंद करा, असं निवेदन देऊया.

होटगीरोडकर
वा! म्हणजे तुमच्या कुरडया वाचल्या आणि घरघर आमच्या माथी. विमानांच्या आड येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ साली पाडली, २०२५ला गोव्याचं विमान सुरू झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येक नेत्याचं हेलिकॉप्टरही इथंच? वर तिथून सभेला जायला ताफा, म्हणजे सात रस्ता चौकात सगळे अडकले. दहा मिनिटं आवाज सोसलेला बरा, उन्हात अर्धा तास उभं कोण राहणार?

यंत्रमागवाला
खरं बोलू का? जयंतीला डीजे, लग्नाला डीजे. आवाजाचे नियम २००० सालचे : निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. कोण पाळतंय? हेलिकॉप्टर वर्षातून येतं किती वेळा! आणि आकाश महापालिकेच्या हातात नाही. उड्डाणांचं दिल्लीतलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय बघतं. इथं ठराव करून पायलट ऐकणार होय?

जुळे सोलापूरकर
डीजेवर वेगळं भांडू, मी तुमच्याच बाजूनं. पण मी आकाशाचं बोललोच नाही, जमिनीचं बोलतोय. न्यूयॉर्कलाही आकाश केंद्राचं, हेलिपॅड मात्र शहराचं. त्या जोरावर शहरानं २०१६ साली पर्यटनवाल्या कंपन्यांशी करार केला. वर्षाला साधारण ६० हजार फेऱ्या होत्या, त्या ३० हजारांवर आणायच्या आणि रविवारी बंद. आपल्याकडं मैदान कुणाचं? शाळेचं, महापालिकेचं, नाहीतर सरकारचं. नाही म्हणता येतं की!

पार्क चौकातली
होटगीरोडकर दादा, त्रास उतरताना जास्त होतो. एका पात्यानं मागं सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यावर पुढचं पातं आपटतं, म्हणून तो टपटप आवाज. विमानतळाला निदान मोकळी जागा असते, मैदानाला लागून वर्ग असतात. ताफ्याचं मात्र तुमचं बरोबर. मग सभाच गावाबाहेर घ्या. नाहीतर सरळ गाडीनं या. २०२१च्या आषाढीला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना मुंबईहून स्वतः गाडी चालवत पंढरपूरला आले होते.

यंत्रमागवाला
तेव्हा कोरोना होता ताई, रस्ते मोकळे होते. आणि आज परवानगी बंद केली की उद्या सत्ताधाऱ्यांना मिळणार, विरोधकांना नाही. हे लिहून ठेवा.

जुळे सोलापूरकर
म्हणूनच सगळ्यांना सरसकट बंद म्हणतोय.

होटगीरोडकर
बरं, विमानतळावर उतरवा. पण येता-जाता फेरा शेतावरून मारायचा, आमच्या कॉलन्यांवरून नाही, आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत पेपरच्या वेळी एकही फेरी नको. लंडनला एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरांना मार्ग ठरवून दिलेत, बराचसा थेम्स नदीवरून. इथंही तसं लेखी घ्या. निवेदनात हे घालणार असाल तर माझी सही, नसेल तर विरोध कायम.