बाबांचा पीएसए ६.८ आलाय, बायोप्सीऐवजी लघवीची टेस्ट करून भागेल का?

निळी_छत्री: बाबा ६७ वर्षांचे आहेत, रूटीन चेकअपमध्ये पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रोटीन) ६.८ आला, रिपोर्टवर नॉर्मल ४ पर्यंत लिहिलंय. डॉक्टर म्हणाले पुढे एमआरआय आणि मग लागली तर बायोप्सी, म्हणजे सुईने प्रोस्टेटचा तुकडा काढून कॅन्सर आहे का ते बघणं. बायोप्सी म्हटल्यावर बाबांनी हातच जोडले, म्हणतात सुई नको. नेटवर वाचलं की आता रक्ताच्या आणि लघवीच्या नव्या टेस्ट आल्यात, पीसीए३, ४के स्कोअर, पीएचआय वगैरे. त्यातून कळत असेल तर सुई कशाला? कोणी केल्यात का?

काचपट्टी: लॅबमध्ये काम करते म्हणून लिहितेय, डॉक्टर नाही. आधी एक गोष्ट, पीएसए हा कॅन्सरचा मार्कर नाही, प्रोस्टेटचा आहे. प्रोस्टेट वाढलं, सुजलं, लघवीला इन्फेक्शन झालं तरी चढतो. ४ ते १० मध्ये आलेल्यांची बायोप्सी केली तर साधारण चारातल्या एकालाच कॅन्सर निघतो, आणि उलट ४ च्या खाली असूनही काहींना असतो, त्यामुळे ती ४ ची रेघ म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही. इन्फेक्शन असेल तर ते बरं करून सहा-आठ आठवड्यांनी परत टेस्ट करतात, आणि रक्त द्यायच्या आधी दोन दिवस सायकलिंग आणि वीर्यस्खलन टाळायला सांगतात.

आता तुमच्या टेस्ट. फ्री पीएसए सगळ्यात सोपी. कॅन्सरमधून रक्तात येणारा पीएसए जास्त करून दुसऱ्या प्रोटीनला चिकटलेला असतो, म्हणून सुटा भाग कमी म्हणजे शंका जास्त. २५ टक्क्यांच्या वर असेल तर बरंच हायसं वाटतं, १० च्या खाली असेल तर पुढे तपासायलाच हवं. पीएचआयमध्ये त्यात प्रोपीएसए नावाचा आणखी एक प्रकार मोजून फॉर्म्युल्यात टाकतात. ४के मध्ये चार प्रोटीन, वर वय, आधीची बायोप्सी वगैरे, आणि उत्तर येतं ते 'गंभीर कॅन्सर असण्याची शक्यता इतके टक्के' असं.

लघवीचं म्हणाल तर मूत्रमार्ग प्रोस्टेटच्या मधूनच जातो, त्यामुळे तिथल्या पेशी आणि त्यांचा आरएनए (जनुकांची नक्कल) लघवीत उतरतो. पीसीए३ साठी डॉक्टर आधी गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट दाबतात आणि मग लगेच पहिली धार घेतात, हे बाबांना आधीच सांगून ठेवा नाहीतर तिथे ऐनवेळी रुसतील 😀 अमेरिकेत एफडीएने ती २०१२ मध्ये मंजूर केली ती पण मुख्यतः आधी बायोप्सी निगेटिव्ह आलेल्यांसाठी, परत करायची का हे ठरवायला. एक्सोडीएक्स नावाच्या दुसऱ्या लघवीच्या टेस्टला मात्र ते बोट लागत नाही, नुसती पहिल्या धारेची लघवी चालते.

पण यातली कुठलीच टेस्ट 'कॅन्सर आहे' किंवा 'नाही' असं सांगत नाही. सुई टोचणं वर्थ आहे का एवढंच सांगते.

जुनाजाणता: बाबा प्रोस्टेटसाठी गोळी घेतात का? फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड? केस गळतीसाठी देतात त्यातही फिनास्टेराइडच असतं.

निळी_छत्री: हो ड्युटास्टेराइड चालू आहे, दोनेक वर्षं झाली असतील. त्याचा काय संबंध?

जुनाजाणता: मग सगळं गणितच बदललं की राव. ही गोळी सहा महिने ते वर्षभरात पीएसए निम्मा करते. म्हणजे ६.८ वाचायचा तेराच्या आसपास. आणि लॅबच्या रिपोर्टवर हे कुठेच छापून येत नाही, डॉक्टरला गोळी माहीत असेल तरच लक्षात येतं. गोळी सुरू व्हायच्या आधीचा रिपोर्ट आहे का घरात?

निळी_छत्री: फाईल काढली. गोळीच्या आधी ५.९, मागच्या वर्षी ३.१, आता ६.८.

काचपट्टी: हे आधी सांगायचं ना! निम्मा झाला होता आणि गोळी चालू असताना परत दुपटीहून वर गेला, इन्फेक्शन नसेल किंवा गोळी मधे बंद झाली नसेल तर हे नुसत्या ६.८ पेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. आणि ४के तर गेल्या सहा महिन्यांत अशी गोळी घेतली असेल तर करूच नये म्हणतात. तुमच्या केसमध्ये स्कोअर शोधत बसण्यात आठवडे घालवू नका, एमआरआय करून घ्या.

दुसरीइनिंग: माझी बायोप्सी झालीये म्हणून सांगतो, बाबांना म्हणावं जागा बधिर करतात. त्रास होतो पण ते दहा-पंधरा मिनिटांचं काम. एमआरआयमध्ये पायरॅड्स म्हणून १ ते ५ नंबर देतात, ४-५ आला की संशय जास्त आणि मग सुई नेमकी त्याच जागी नेता येते, आंधळेपणाने टोचत बसत नाहीत. माझा कॅन्सर कमी ग्रेडचा (सौम्य प्रकारचा) निघाला, ऑपरेशन नाही काही नाही, ठराविक दिवसांनी पीएसए आणि अधूनमधून एमआरआय करून नुसती नजर ठेवलीये. कॅन्सर निघाला म्हणजे लगेच कापाकापी असं बाबांच्या डोक्यात असेल तर आधी ते काढा, सुईची भीती बऱ्याचदा त्याचीच असते.

निळी_छत्री: बाबांना वाचून दाखवलं. एमआरआयला तयार झालेत, बायोप्सीचं नंतर बघू म्हणाले. तीनही रिपोर्ट आणि गोळीचं प्रिस्क्रिप्शन एकत्र लावून युरॉलॉजिस्टकडे नेतो, इन्फेक्शन बघायला लघवीची कल्चर टेस्ट पण विचारतो.