लूप लायब्ररीचं टॅगिंग: तुमचे अनुभव लिहा

संगीत बनवताना फोल्डर भरपूर, लूप (पुन्हापुन्हा वाजवायचे ध्वनीचे तुकडे) हजारो, आणि हवा तो ऐनवेळी सापडत नाही. टॅग कसे लावता, गाडी कुठे अडते, सॉफ्टवेअरच्या नावासकट लिहा. 'माझं चालतं' एवढ्यावर सोडू नका.

•

टॅग लावण्याआधी शब्द ठरवा. 'ड्रम', 'ड्रम्स' आणि 'ड्रम लूप' असे तीन टॅग झाले की कुठल्याही एकावर शोधलं तरी उरलेला माल दिसत नाही. वाद्य, लूप की वन-शॉट (एकदाच वाजणारा आवाज), बाज, आणि काम (मुख्य ठेका, फिल म्हणजे मधली भर, वरचा थर): एवढे चार पुरतात. 'भारी' हा टॅग नको, महिन्याभरात निम्मी लायब्ररी भारी होते.

•

सॉफ्टवेअरने दाखवलेल्या बीपीएमवर (मिनिटाला किती मात्रा) डोळे मिटून विश्वास नको. सूत्र सोपं: मात्रा गुणिले ६०, भागिले सेकंद. ४/४ मधले ४ बार (प्रत्येकी ४ मात्रा) म्हणजे १६ मात्रा. फाइल ८ सेकंदांची असेल तर १२०. पण शेवटी रिव्हर्बची (घुमण्याची) शेपटी राहून फाइल ८.६ सेकंदांची झाली, तर लांबीवरून काढलेला आकडा १११.६ येतो आणि लूप प्रत्येक फेरीला अडखळतो. आधी शेपटी कापा, मग टॅग.

रूपक तालाच्या लूपचा आकडा तर हमखास चुकतो. ७ मात्रा, १२० ची लय, लांबी ३.५ सेकंद. सॉफ्टवेअरने ८ मात्रा धरल्या की १३७.१४ दाखवतं. मात्रांचा आकडा हाताने ७ करा, आणि '७ मात्रा' असा वेगळा टॅगही ठेवा. ७० चे १४० होणं हा नेहमीचा घोळ. तिथे मेट्रोनोम लावून ऐकण्याला पर्याय नाही.

•

वरच्याला जोडून: वेव्ह फाइलमधल्या 'ॲसिड' चंकमध्ये (लूपची माहिती ठेवणाऱ्या कप्प्यात) टेम्पो, मात्रा आणि मूळ स्वर असतात. बरेच ऑडिओ एडिटर फाइल पुन्हा सेव्ह करताना तो चंक गाळतात. म्हणून टेम्पो आणि पट्टी फाइलच्या नावातच लिहावी: 'बास_०९०_एफमायनर'. पुढचं शून्य मुद्दाम आहे, नाहीतर नावानुसार लावताना बऱ्याच ठिकाणी १२० हा ९० च्या आधी येतो. शार्पचं चिन्ह (#) नावात टाळा, 'शार्प' लिहा.

•

लॉजिक प्रो या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवरचा ऑडिओचा तुकडा लूप ब्राउझरवर ओढला की माहितीची खिडकी उघडते. लांबी पूर्ण मात्रांत बसत नसेल तर 'लूप' हा पर्याय मिळत नाही, नुसता वन-शॉट. लोक तसंच पुढे जातात, आणि तो लूप प्रोजेक्टच्या टेम्पोबरोबर हलत नाही. परत जाऊन कापा. ड्रमच्या लूपला स्केल 'नीदर' (मेजरही नाही, मायनरही नाही) द्या. उगाच मेजर दिलं तर मायनरचा फिल्टर लावल्यावर तो गायब.

•

एबलटन लाइव्ह १२ या संगीताच्या सॉफ्टवेअरच्या ब्राउझरमध्ये स्वतःचे टॅग करता येतात. पण तुम्ही लावलेले टॅग ऑडिओ फाइलच्या आत जात नाहीत. नुसती वेव्ह दुसऱ्या मशीनवर नेली तर टॅग मागेच राहतात. पूर्ण फोल्डर न्या. शेजारची '.एएसडी' फाइलही कचरा समजून उडवू नका. सेव्ह केलेले वॉर्प मार्कर (लय जुळवायच्या खुणा) तिच्यात असतात.

•

सगळं एका बैठकीत करू नका. नवीन पॅक आला की सगळ्यावर 'तपासायचं' हा एकच टॅग लावा आणि रोज ५० फाइली निपटा. ऐकून झालं की तो टॅग काढा. काढलाच नाही तर दोन महिन्यांनी सगळी लायब्ररी 'तपासायचं'.