फोन फ्रिजमध्ये ठेवल्याने खरंच काही होतं का? (आणि पिठाचं काय करू)

मंडळी मदत हवी आहे, प्रश्न जरा विचित्र आहे, हसायचं असेल तर आधी हसून घ्या.

आमचा आठ जणांचा कंपू महिन्यातून एका शनिवारी कुणाच्या तरी घरी लॅपटॉप घेऊन जमतो. कुणाला लिनक्स टाकून हवं असतं, कुणाला पासवर्ड मॅनेजर लावून हवा असतो, बाकी निम्मा वेळ गप्पाच. ज्याचं घर त्याने जेवण स्वतः करायचं असा नियम आहे (कोणी केला ते आता कुणीच कबूल करत नाही) आणि काल माझी पाळी होती.

गप्पा डेफकॉनवरून (अमेरिकेतलं हॅकर लोकांचं संमेलन) सुरू झाल्या, तिथे गर्दीतला सरकारी माणूस ओळखायचा खेळ चालायचा ना, त्यावरून गाडी पाळतीवर गेली, तिथून २०१३ आणि स्नोडेन (अमेरिकन सरकारच्या पाळतीची गुपितं फोडणारा). मग एकाने सांगितलं की हाँगकाँगमध्ये भेटायला आलेल्या वकिलांना त्याने फोन फ्रिजमध्ये ठेवायला लावले होते. झालं! सगळ्यांना हुक्की आली आणि आठही फोन माझ्या फ्रिजमध्ये, जिथे मी पावाचं पीठ रात्रभर सावकाश फुगावं म्हणून आदल्या दिवशीपासून ठेवलं होतं. फोन आत गेले आणि दोन मिनिटांत त्यातला एक वाजला. मग दर थोड्या वेळाने कुणीतरी दार उघडून बघतंय, पातेलं कोपऱ्यात ढकललं गेलं, झाकण सरकलं, एक फोन सरळ पिठात. बाहेर काढल्यावर सगळ्यांच्या काचांवर दव.

तर विचारायचं असं की १) फोन आत वाजतोय म्हणजे ही युक्ती फुसकीच ना? मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तर? २) फोन पडला तेवढा भाग काढून टाकलाय, पण उरलेलं पीठ आता फारच फुगून सैल पडलंय, फेकू का? ३) आम्ही काही लपवण्यासारखं बोलतच नाही, तरी हे करण्यात अर्थ आहे का, की नुसती हौस?

प्रतिसाद १
वाजणारच. फ्रिजच्या दाराला रबर असतं, त्या फटीतून रेडिओ लहरी आरामात जातात. तिथे मुद्दा सिग्नलचा नव्हता, माइकचा होता, जाड इन्सुलेशनमुळे बाहेरचं बोलणं आत नीट ऐकू जात नाही. मायक्रोवेव्हचंही तेच, तो स्वतःच्या २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी बऱ्यापैकी आत अडवतो पण फोनला अगदी क्षीण सिग्नलही पुरतो, त्यामुळे बरेचदा रिंग वाजते (आणि चुकून कुणी बटण दाबलं तर कल्याण). फट न ठेवता अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दोन-तीन थर गुंडाळून बघ, मग बहुतेक गप्प बसेल. पण सिग्नल शोधत बसतो म्हणून बॅटरी भराभर उतरते.

प्रतिसाद २
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. २०१३ च्या जूनमध्ये स्नोडेनची पहिली बातमी आली ती अमेरिकन सरकार गोळा करत असलेल्या व्हेरायझन या तिथल्या फोन कंपनीच्या ग्राहकांच्या फोन नोंदींची होती, कुणी कुणाला कधी आणि किती वेळ फोन केला, बस्स, बोलणं त्यात नव्हतंच. आता विचार कर, आठ फोन एका घरी येतात आणि एकाच मिनिटाला आठही गप्प होतात, याची नोंद बोलण्यापेक्षा जास्त बोलकी नाही का? खरंच नको असेल तर फोन घरी ठेवून या, नाहीतर दुसऱ्या खोलीत गाणी लावून ठेवा. रोजच्यासाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शनवालं अ‍ॅप (म्हणजे संदेश फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतो) आणि अपडेट वेळेवर, यानेच जास्त फरक पडतो. तुमचा फ्रिजचा प्रकार हौसच आहे, पण हौसेने का होईना विषय निघाला हे बरं झालं.

प्रतिसाद ३
पीठ फेकू नकोस गं बाई! बोट ओलं करून दाबून बघ, खळगा हळूहळू भरून आला तर ठीक, अजिबात भरला नाही तर जास्त फुगलंय. तसं असेल तर हवा काढ, तेल लावलेल्या ट्रेमध्ये चपटं पसर, वर मीठ आणि लसूण, अर्धा तास थांबून २२० अंशाला भाज. उंच पाव नाही होणार पण खाणाऱ्याला कळणारही नाही. सारखं दार उघडल्यामुळे गार राहिलं नाही ते, यीस्टला तेवढं पुरतं.

मूळ प्रश्नकर्ती
चपटं करून भाजलं, आत्ताच संपलं, फोटो काढायलाही उरलं नाही. धन्यवाद सगळ्यांना. पुढच्या वेळी फोन आतल्या खोलीत, गाण्यांसकट. आता एकच राहिलं, पिठात पडलेल्या त्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात पीठ गेलंय, ते कसं काढायचं?

प्रतिसाद १
फोन पूर्ण बंद कर, पीठ वाळू दे, मग लाकडी टूथपिकने हलकेच. पिन घालू नकोस, पाणी तर अजिबात नको. आणि भोक साफ होईपर्यंत चार्जिंगला लावू नका.