कुंकू दिसत नाही म्हणून विधवा?

तुमच्याकडच्या जुन्या लघुचित्रातल्या सरदारपत्नीचं कपाळ मोकळं आहे, म्हणजे ती विधवा असणार, हा इथे मांडलेला तर्क मला पटत नाही. नाकात नथ, हातभर बांगड्या. मग एकटं कुंकूच का नसावं? लघुचित्रात कुंकू, मोती असले ठिपके चेहऱ्याच्या रंगावर अगदी शेवटी, जाडसर रंगाने देतात, आणि कागद दुमडला-वाकला की तेच आधी निखळतात. सातारा जिल्ह्यातल्या औंधला श्रीभवानी संग्रहालयात लघुचित्रं जरा तिरकं उभं राहून बघा, मोत्यांचे पांढरे उंचवटे स्पष्ट दिसतात. तुमच्या चित्रावरही बाजूने उजेड पाडून कपाळाचा जवळून फोटो काढा. रंग निखळला असेल तर त्याचा वण दिसायला हवा.

चित्राच्या पाठीवर लिहिलेल्या तिच्या नावावर मात्र फार भरवसा ठेवू नका, अशी नावं पुष्कळदा नंतरचे मालक घालतात. घोड्यावर बसून ससाणा घेतलेल्या चांदबिबीचंच पाहा: ती गेली १६०० च्या सुमारास, आणि तिची अशी कितीतरी चित्रं अठराव्या शतकातली आहेत! पडद्यातली बाई चित्रकारासमोर सहसा बसतच नसे, चेहरा ठरलेल्या साच्यातून यायचा. त्यामुळे नाक-डोळ्यांपेक्षा नेसण्याची तऱ्हा आणि दागिने यांवरून काळ-प्रांत ठरवणं जास्त खात्रीचं.